जुकी म्हणून घेतलेलं मशीन

टोकियोतल्या निशी-कासाईत राहायला आल्यापासून एक पायमशीन घ्यायचं डोक्यात होतं. सांगलीला आईचं उषा होतं, त्याच्या खडखडाटात आमच्या दुपारच्या झोपा झाल्या. जपानीत शिलाई मशीनला 'मिशिन' म्हणतात आणि पायमशीनला 'आशिबुमि मिशिन'. आमची आजीसुद्धा 'मिशिन'च म्हणायची! एवढ्यावर मी निम्मी विरघळले होते, उरलेली त्या विक्रेत्याने विरघळवली.

इथल्याच एका देवळाच्या आवारात जुना बाजार भरतो. तिथे हे दिसलं. काळं हेड, नक्षीदार लोखंडी पाय आणि पुढे पितळी पट्टी, त्यावर 'जुकी', म्हणजे इथल्या शिलाई मशीनच्या कंपनीचं नाव. विक्रेता म्हणाला, "1938 साली बंदुका बनवायला उभा राहिलेला कारखाना हा. युद्ध संपलं आणि 1947 मध्ये त्यांनी घरगुती मिशिन काढलं. हे त्या पहिल्या खेपेतलं." गोम अशी, की कंपनीचा इतिहास खरंच तसा आहे. पुढे ठेवलेलं मशीन तेवढं वेगळं होतं. आपल्याकडे गारमेंटवाल्यांच्या तोंडी जुकी कायम असतं, त्यामुळे मलाही नाव घरचंच वाटलं. 65 हजार येन मोजले. पावती त्याने आपणहून दिली, मी न वाचता पर्समध्ये टाकली.

घरी तेलाच्या फडक्याने पुसताना पट्टीचे दोन स्क्रू चकाकले. त्यांच्या डोक्यावर फुलीची खाच, बाकी अख्ख्या मशीनच्या स्क्रूंना मात्र एकच सरळ खाच. पट्टी काढली. खाली लंबगोल डाग, पट्टीपेक्षा मोठा, आणि तेवढ्यातला काळा रंग नव्यासारखा तुकतुकीत. म्हणजे तिथे आधी दुसरीच पट्टी होती. मग खिडकीच्या उजेडात हेड तिरपं करून पाहिलं. वरची सोनेरी अक्षरं कुणीतरी घासून काढली होती, शेवटचा 'आर' तेवढा पुसटसा उरला होता.

आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्या ओजीसाननी येऊन हेड मागे कलतं केलं आणि टॉर्च मारला. खालच्या बाजूला 'जेए' आणि 'जेसी' अशी अक्षरं व पुढे आकडे. कारखान्यांच्या खुणा. निर्यातीचं आहे, म्हणाले, आणि टेबल दुसऱ्याच मशीनचं. युद्धानंतर जपानमध्ये सिंगर कंपनीच्या '15' या मशीनच्या नमुन्यावर एक प्रमाण आराखडा ठरला, एचए-1. छोटे छोटे कारखाने त्याबरहुकूम भाग करायचे, एकाचा भाग दुसऱ्याच्या मशीनला बसायचा, आणि वरचं नाव परदेशातला दुकानदार सांगेल ते! त्यामुळे नावावरून कारखाना ठरत नाही आणि आकारावरूनही नाही, सगळी एका साच्यातली दिसतात. दिवसभर पुढून न्याहाळत बसलात तरी कारखाना कळणार नाही, हेड उलटंच करावं लागतं. बाजारात मला ते सुचलं नाही. सुचलं असतं तरी त्या गोड माणसासमोर धाडस झालं असतं का, शंकाच आहे.

विक्रेत्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "पावती वाचा." पावतीवर फक्त 'आशिबुमि मिशिन, एक नग'. जुकीचा 'ज'सुद्धा नाही. ग्राहकांच्या 188 या क्रमांकावर बोलले, तर बाई आपुलकीने ऐकून म्हणाल्या की आपणहून जाऊन घेतलेल्या वस्तूला कूलिंग-ऑफ, म्हणजे ठरावीक मुदतीत व्यवहार रद्द करायची सोय, लागू होत नाही, आणि विक्रेत्याने काय सांगितलं हे लेखी असतं तर काही करता आलं असतं. जुन्या वस्तू विकणाऱ्याला इथे कोबुत्सुशोचा परवाना लागतो, त्याचा क्रमांक टिपलात का, हेही विचारलं. नव्हता टिपला. तुम्ही घ्यायला जाल तेव्हा नाव, साल आणि तो क्रमांक पावतीवर लिहून घ्या. लिहायला कां-कू केली तर तिथूनच माघारी फिरा.

ओजीसाननी नवा पट्टा घातला, तेलपाणी केलं, 3 हजार घेतले. सुई लागते एचए गुणिले 1. आईने पाठवलेल्या शिवणाच्या डब्यात तेच लिहिलेलं पाकीट निघालं, तिच्या उषासाठी आणलेलं. सुई बसली. मशीन मस्त चालतं. पितळी पट्टी ड्रॉवरमध्ये आहे आणि पुढचा लंबगोल डाग तसाच उघडा ठेवलाय.