परदेश प्रवासासाठी रोलेटर की व्हीलचेअर: ठाण्याच्या सर्जिकल दुकानांत काय घ्यावं

गोखले रोड असो की नौपाडा, ठाण्यातल्या सर्जिकलच्या दुकानात "परदेशी न्यायला काहीतरी दाखवा" म्हटलं की बहुतेक वेळा आधी पुढे येते ती मोठ्या चाकांची स्टीलची व्हीलचेअर. घरी वापरायला ती चांगलीच आहे, प्रवासाला मात्र नेऊ नये. वजन 16 ते 18 किलो, मागचं चाक 24 इंची, आणि सीएनजीची टाकी असलेल्या टॅक्सीच्या डिकीत ती मावत नाही. दुकानदार विचारतो, किती चालता येतं? त्याआधी घरच्यांनी ठरवायला हवं की साधन उचलणार कोण. आजींच्या सोबतीला फक्त आजोबाच असतील तर 10 किलोंच्या वरचं काही घेऊच नका.

थोडं चालून बसावं लागतं, पण तोल बरा आहे, अशांसाठी रोलेटर, म्हणजे ढकलत चालायचा चार चाकांचा, बैठकीचा वॉकर, ही आमची पहिली पसंती. ॲल्युमिनियमचा 6 ते 8 किलोंत मिळतो. जादा पैसे मोजायचे तर चाकांसाठी मोजावेत. 6 इंची कडक चाकं मॉलच्या लादीवर सुरेख फिरतात, पण रोम किंवा प्रागच्या दगडी फरसबंदीत पुढचं चाक फटीत अडकतं, रोलेटर जागीच थांबतो आणि माणसाचा तोल पुढे जातो. किमान 8 इंची, रुंद, मऊ रबराची चाकं घ्या. दुकानाबाहेर पेव्हर ब्लॉकवर चालवून बघा. हादरे मनगटापर्यंत आले तर तो नको.

मुठींची उंची प्रवासातलेच बूट घालून ठरवा. सरळ उभं राहून हात सैल सोडले की मनगट जिथे येतं, तिथे मूठ हवी. उंच ठेवली तर खांदे दुखतात, खाली ठेवली तर माणूस वाकून चालतो. ब्रेक लॉक करून ढकला; चाक फिरलं तर केबल सैल आहे. नवी केबल सुरुवातीला थोडी ताणतेच, म्हणून निघण्याआधी दोन-तीन आठवडे घराभोवती वापरा, मग ब्रेकजवळचा स्क्रू आवळून घ्या. घडी आडवी मिटणारी बघा. बहुधा ती मिटल्यावर उभी राहते आणि हॉटेलच्या छोट्या लिफ्टमध्ये आत येते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: साध्या रोलेटरवर माणूस बसवून ढकलू नका. पाय ठेवायला जागा नसते, पाय जमिनीला अडकतो आणि रोलेटर उलटतो. ढकलायची गरज पडणार असेल तर फूटरेस्ट असलेलं टू-इन-वन मॉडेल किंवा सरळ 12 इंची चाकांची ट्रान्सपोर्ट चेअर घ्या. टू-इन-वन सपाट जागी ठीक, चढावर ढकलणाऱ्याचे हाल. ट्रान्सपोर्ट चेअर बरीचशी 8 ते 11 किलोंची असते, पण बसलेल्याला ती स्वतः चालवता येत नाही. सोबती नसेल तर निरुपयोगी.

घडीची इलेक्ट्रिक खुर्ची घेताना मोटरीआधी बॅटरीचं लेबल वाचा. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. विमानासाठी काढून घ्यायची लिथियम बॅटरी एकच असेल तर 300 वॉट-अवरपर्यंत, दोन असतील तर प्रत्येकी 160 पर्यंत चालते. 24 व्होल्ट 12 अँपिअर-अवर म्हणजे 288, चालेल. 24 व्होल्ट 20 म्हणजे 480, नाही चालणार; जास्त अंतर जाते म्हणून दुकानात तीच गळ्यात मारली जाऊ शकते. काढलेली बॅटरी केबिनमध्येच न्यायची, टोकं झाकून. लेबल नसलेली, इथेच जोडलेली बॅटरी घेऊ नका, यूएन 38.3 या लिथियम बॅटरीच्या वाहतूक-सुरक्षा चाचणीचा कागद विक्रेत्याकडून मागा आणि विमान कंपनीची मंजुरी ईमेलवर घेऊन ठेवा. चार्जरवर 100–240 व्होल्ट लिहिलेलं हवं, कारण जपानमध्ये 100 आणि अमेरिकेत 120 व्होल्ट असतात. नुसता प्लग बदलून भागत नाही.

विमानतळावरची व्हीलचेअर सेवा किमान 48 तास आधी सांगा. जिना चढता येतो पण लांब चालवत नाही, त्यांच्यासाठी तिकिटावर डब्ल्यूसीएचआर (WCHR) हा कोड लागतो. जिनाही जमत नसेल तर डब्ल्यूसीएचएस (WCHS). ही सेवा विमानतळाच्या दाराशी संपते, म्हणूनच स्वतःचं साधन लागतं. ते विमानाच्या दारापर्यंत वापरा आणि तिथे सोपवताना टॅग नीट वाचा: मधल्या विमानतळावर परत हवं की शेवटच्या, हे त्यावरच ठरतं. सोपवण्याआधी फोटो काढा, आणि गादी, पिशवी, फूटरेस्ट असं जे जे सुटं होतं ते हातातल्या बॅगेत घाला. गहाळ होतात ते हेच भाग, आणि परदेशात ते त्याच मापाचे मिळणं कठीण.