नवे पेपर आधी की लॅब आधी?

संगणकशास्त्र विभागाला यंदा एकच मोठा बदल झेपणार असेल, तर पैसा आणि दम कुठे लावायचा? एआय, डेटा सायन्सचे नवे पेपर आणायचे, की आहे त्याच अभ्यासक्रमाची लॅब सुधारायची?

नव्या पेपरांना बाजारात भाव आहे. प्रवेशाच्या फ्लेक्सवर ‘एआय’ दिसलं की पालक चौकशीला येतात. पण संलग्न कॉलेजला पेपर परस्पर बदलता येत नाही. विद्यापीठ छत्रपती संभाजीनगरचं असो की नांदेडचं, विषय आधी अभ्यास मंडळात आणि मग विद्या परिषदेत जातो. मंजुरी मिळाली तरी शिकवणार कोण? सीएचबीवरचे, म्हणजे तासांवर मानधन घेणारे सर सत्र निम्मं सरल्यावर रुजू झाले, तर मशीन लर्निंगसुद्धा नोट्स लिहून देऊनच उरकतं.

लॅबसाठी एवढी परवानगी लागत नाही, आणि खरं दुखणं तिथंच आहे. बोर्लंड कंपनीचा टर्बो सी, म्हणजे सी भाषेतले प्रोग्राम लिहून चालवायचं सॉफ्टवेअर, पहिल्यांदा आला १९८७ साली. त्याची निळी स्क्रीन अजूनही कित्येक लॅबमध्ये डॉसबॉक्समधून, म्हणजे जुनी डॉसची सॉफ्टवेअर चालवणाऱ्या प्रोग्राममधून उघडते. त्यावर कोनिओ.एच ही डॉसच्या काळातली फाइल घालून तयार झालेला प्रोग्राम मुलानं लिनक्सवरच्या जीसीसी या कंपायलरमध्ये टाकला, की अशी फाइलच नाही म्हणून कंपायलर थांबतो. गंमत म्हणजे मुलाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.

लिनक्स, जीसीसी, गिट सगळं फुकट आहे. जुन्या मशीनवर लुबंटूसारखी लिनक्सची हलकी आवृत्ती चालते. एकाचं जर्नल साऱ्या बॅचनं उतरवायचं, हा प्रकारही गिटमुळे आटोक्यात येतो. कुणी कधी काय बदललं, याची नोंद तिथं राहते. एसटीनं अप-डाऊन करणाऱ्यांना शेवटच्या गाडीमुळे लॅबमध्ये थांबता येत नाही. त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठी धडे आहेत, मोबाइलवरही बघता येतात.

या वाटेत अडचण एकच, पण चिवट. प्रॅक्टिकलला बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना निळी स्क्रीन आणि भरलेलं जर्नलच हवं असतं. त्यांच्याशी आधीच बोलून ठेवावं लागतं, नाहीतर मुलांचे मार्क जातात.

कॉलेज स्वायत्त असेल आणि विषयाचा पूर्णवेळ माणूस हाताशी असेल, तर खुशाल नवा पेपर घ्या. बाकीच्यांनी आधी लॅब धरावी. तीही सगळी एकदम नको. पहिल्या वर्षाच्या एका बॅचपासून सुरुवात करा. आणि वीज गेली तरी लॅब चालू राहावी म्हणून खरेदीच्या यादीत नव्या मशीनच्या आधी यूपीएसच्या बॅटऱ्या लिहा.