५४ हजारांची स्कूटर मला ७० हजारांना पडली

मी गोव्यात डिचोलीला राहते आणि म्हापशात एका पतसंस्थेत नोकरी करते. जाऊन-येऊन रोजचे ३२ किलोमीटर. जुन्या स्कूटरला महिन्याला अठराशेच्या आसपास पेट्रोल लागायचं, म्हणून २०२३ च्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची असं घरात ठरलं.

त्याच वर्षी जूनमध्ये केंद्राने फेम-२ या इलेक्ट्रिक वाहनांच्या योजनेतलं अनुदान बॅटरीच्या क्षमतेच्या दर किलोवॉट-तासामागे १५ हजारांवरून १० हजारांवर आणलं होतं आणि पासिंगच्या (आरटीओत नोंदणी होणाऱ्या) गाड्या महागल्या होत्या. आमच्या ऑफिसातल्या मैत्रिणीने तशी एक ९८ हजारांना घेतली, बॅटरीवर ३ वर्षांची लेखी वॉरंटी. मला एका दुकानात दिसायला तशीच गाडी ५४ हजारांत मिळत होती. "वहिनी, आत लिथियमच आहे. लायसन्स नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको. एका चार्जिंगला ८० किलोमीटर. त्या मोठ्या कंपन्या नुसत्या नावाचे पैसे घेतात." मी घरी येऊन विचार करते म्हटलं, तर रात्री व्हॉट्सॲपवर मेसेज आला: चवथीची ऑफर उद्यापर्यंतच, लिथियम बॅटरी, १ वर्ष गॅरंटी. ४४ हजार वाचत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी यूपीआयने पैसे भरले.

पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट खटकली होती. गाडी स्टँडवर घेताना माझा जीव जायचा, इतकी ती जड. तेव्हाच तळ उघडून बघायला हवा होता. लिथियमची बॅटरी तेवढ्याच क्षमतेच्या लेड-ॲसिडच्या, म्हणजे शिशाच्या जुन्या प्रकारच्या बॅटरीच्या, जेमतेम एक तृतीयांश वजनाची असते, पण हे मला त्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

८० किलोमीटर कधीच मिळाले नाहीत. सुरुवातीला ४५ मिळायचे, मार्चपर्यंत २२ वर आले. म्हणजे परत येण्यासाठी ऑफिसात चार्जर लावावा लागे. जुलै २०२४ मध्ये भर पावसात अस्नोड्याच्या पुढे चढावावर गाडी बसली ती बसलीच. रेनकोट घालून मी ती ढकलत होते आणि मागचे ट्रक हॉर्न वाजवत होते. शेवटी एका पिकअपवाल्याने ८०० रुपये घेऊन घरी सोडली.

गावातल्या बॅटरीवाल्याने पाय ठेवायच्या जागेचं मॅट काढून स्क्रू सोडवले. आत पाच काळे डबे एका ओळीत, प्रत्येकावर १२ व्होल्ट ३२ एएच (अँपिअर-तास) असं छापलेलं, टर्मिनलवर पांढरट-हिरवी भुकटी साचलेली आणि जोडण्यांना साधी इन्सुलेशन टेप. "ताई, ही लेड-ॲसिड. लिथियम कुठलं?" मी तिथेच पायरीवर बसले.

त्याने मला शांतपणे समजावलं. पाच डबे मिळून ६० व्होल्ट, त्याला ३२ ने गुणलं की १,९२० वॉट-तास, म्हणजे कागदावर दोन युनिटला थोडी कमी वीज. पण लेड-ॲसिडमधून चढावावर जोराचा करंट ओढला की त्यातली बरीच हाती लागत नाही. शिवाय रोज तळापर्यंत उतरवली तर तीन-चारशे चार्जिंगमध्ये ती संपते. चांगली एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची लिथियम बॅटरी हजाराहून जास्त वेळा चार्ज होते. माझी चार्जिंगं तोवर अडीचशेच्या वर गेली होती.

दुकानात गेले तर ओळखच दाखवेनात. मग कागद पुढे केला: बॅटरी, चार्जर, कंट्रोलर (मोटरला जाणारी वीज सांभाळणारा भाग) यांवर फक्त ६ महिने गॅरंटी. तो कागद मी घेताना नीट वाचला नव्हता. बिल म्हणून दिलेला कागद खरं तर एस्टिमेट होता, त्यावर जीएसटी नंबर नाही, गाडीचा चेसिस नंबर नाही.

दुसरी गोष्ट अजून गंभीर आहे. गाडी हळू पळते म्हटल्यावर दुकानातल्या पोराने एक वायर काढून दिली होती आणि ती ताशी ४५ पर्यंत जाऊ लागली होती. पासिंग आणि लायसन्समधून सूट फक्त २५० वॉटपर्यंतच्या मोटरला आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतच्या वेगाला आहे. त्यापुढे ती कायद्याने मोटार वाहनच. मी महिनोन्‌महिने मुलाला मागे बसवून विनापासिंग, विनाविमा गाडी चालवली. कुणाला धडक लागली असती तर? ही गोष्ट आठवली की अजून पोटात गोळा येतो.

मग खर्चाला सुरुवात झाली. नवा बॅटरी सेट १७,५००. पावसाच्या ओलीने गेलेला चार्जर २,२००, कंट्रोलर ३,८००. पिकअप दोनदा, १,६००. एप्रिल २०२५ मध्ये दुसरा सेटही उतरला, तेव्हा भंगारवाल्याने शिशाच्या भावात सगळ्याचे ९,००० दिले. हिशेब केला तर १९ महिन्यांत ७०,१०० रुपये गेले, महिन्याला ३,७०० च्या घरात. पेट्रोलच्या दुप्पट! विजेचा खर्च यात धरलेलाच नाही. मैत्रिणीची ९८ हजारांची गाडी अजून रोज तेवढीच पळते.

आता मी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे आणि पर्वरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची तयारी करते आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. माझ्या हाती पक्कं बिल नसलं तरी 'लिथियम' लिहिलेला तो मेसेज आणि यूपीआयची पावती आहे. तुमच्याकडे असे मेसेज असतील तर पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

गेल्या महिन्यात माझी चुलत बहीण अशीच एक ५६ हजारांची गाडी बघायला निघाली, तेव्हा मी सोबत गेले. दुकानदाराला सांगितलं की मॅट काढा, चार स्क्रू सोडवा, बॅटरीवरचं लेबल दाखवा, एआरएआय किंवा आयकॅट या वाहनं तपासणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र दाखवा आणि बॅटरीचा प्रकार व वॉरंटीचे महिने जीएसटी बिलावर लिहून द्या. तो म्हणाला, "उघडली तर कंपनीची गॅरंटी जाते." मग बिलावर तरी लिथियम लिहा, असं मी म्हटलं. त्याने पेन हातात घेतलं, थोडा वेळ तसंच धरलं आणि परत गल्ल्यात ठेवलं. आम्ही चावी काउंटरवर ठेवून बाहेर पडलो.