पवई तलावाला भरती दाखवणारं ॲप: वर्षभराच्या वापरानंतर

गळ कधी टाकावा हे सांगणाऱ्या ॲपचे नूतनीकरणाचे चौदाशे नव्याण्णव रुपये ऐन दिवाळीत खात्यातून आपोआप गेले. परत मागितले, तर कंपनीने उदार होऊन तीन महिने फुकट वाढवून दिले. नको असलेलं ताट परत केल्यावर त्यात आणखी एक पोळी वाढावी, तसं. त्या रागात हे लिहितोय. ॲपचं नाव घालत नाही, कारण या जातीची बरीच ॲप आहेत आणि आतून सगळी जवळपास सारखीच. गळवाल्यांना ती काय करतात ते ठाऊक आहे: मासा खाईल अशा वेळा सांगतात, म्हणजे चंद्र डोक्यावर आणि पायाखाली असतानाचे दोन 'मेजर', चंद्रोदय-चंद्रास्ताचे दोन 'मायनर', सोबत हवामान, आणि दिवसाला एक ते पाच तारे.

मी पवईवाला. रीतसर परवानगी काढून काठावर बसणारा. रोहू, कटला, मृगळ, मधूनच सायप्रिनस, आणि काही नाहीच लागलं तर चिलापी आहेच. सुटी मोजून मिळते, त्यामुळे आठवड्यातली एक सकाळ नेमकी कोणती निवडायची हा प्रश्न खरा होता. त्यासाठीच गेल्या दिवाळीच्या सवलतीत वर्षाची वर्गणी भरली.

पहिली तक्रार तीच, जी आजपर्यंत टिकून आहे. ॲप उघडलं की वरचा एक तृतीयांश पडदा भरती-ओहोटीच्या निळ्या पट्टीने व्यापलेला. ठिकाण: पवई तलाव. भरती: सकाळी अमुक वाजता, चार मीटर आणि काही सेंटिमीटर. अहो, तलाव! १८९० साली बांध घालून अडवलेलं गोडं पाणी. तिथे चार मीटर भरती आली तर लगतच्या रस्त्यावरून होड्या चालतील. अमेरिकेतल्या ग्रेट लेक्ससारख्या समुद्राएवढ्या सरोवरांतसुद्धा चंद्राने येणारी भरती पाच सेंटिमीटरच्या आत असते. आमच्या पवईत ती मोजायला कोणी पट्टी घेऊन बसलं तरी दिसायची नाही. ॲप काय करतं, तर सर्वांत जवळचं समुद्राचं ठिकाण शोधतं आणि तिथले आकडे तलावाला चिकटवतं.

बरं, असेना का पट्टी, डोळ्याआड करता आली तर. नाही येत. पट्टी लपवायचं बटण नाही. खाली सरकवता येत नाही. मी कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की भरती हा मासेमारीतला अत्यंत महत्त्वाचा घटक आहे. मी नकाशा जोडून परत लिहिलं. उत्तर आलं की सेटिंगमध्ये जाऊन 'गोडं पाणी' निवडा. निवडलं. पट्टी तिथेच, फक्त कोपऱ्यातल्या माशाचं चित्र बदललं. आधी बांगड्यासारखा होता, आता थोडा पोटाळ झाला. यावर मी पाठवलेल्या पत्रांचा सूर पुढे पुढे बिघडत गेला हे मान्य, पण पैसे मोजलेल्या माणसाला स्वतःच्या पडद्यावर तेवढा हक्क नको?

या पट्टीमुळे एक मात्र झालं, मी चंद्राचं गणित मुळापासून पाहिलं. ही सगळी कल्पना जॉन ऑल्डन नाइट नावाच्या अमेरिकन माणसाची, १९२६ च्या सुमाराची. भरतीबरोबर समुद्रातले मासे हालतात, मग चंद्राच्या त्याच वेळांना गोड्या पाण्यातलेही हालत असतील, असा तो तर्क. आणि वेळा काढायच्या कशा? आमच्या कोकणात हे शाळेत न गेलेली माणसंही करतात. तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पुनवेला-अवसेला सव्वाअकरा-बारा. दिवसाही तीच वेळ, रात्रीही तीच. ॲपचे 'मेजर' या हिशेबापासून फार तर तासाभराने सरकलेले असतात, आणि मेजर असतो दोन तासांचा. म्हणजे भिंतीवरच्या कालनिर्णयातून जे फुकट निघतं, त्यासाठी मी वर्षाचे चौदाशे नव्याण्णव देत होतो. तेवढ्यात चाऱ्याला लागणारी शेंगदाण्याची पेंड किती आली असती याचा हिशेब बायकोने न विचारता मांडून दाखवला.

त्यात ताऱ्यांची गंमत बघा. पौर्णिमा-अमावास्येला पाच तारे, अष्टमीला दोन. पण पुनवेला मेजर येतो भर दुपारी आणि मध्यरात्री. मध्यरात्री पवईच्या काठावर कोण बसणार, तिथे मगरी आहेत. ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणाच्या रात्री मला 'आता निघा' असा संदेश आला होता, साडेअकराला. उलट अष्टमीला मेजर बरोबर सकाळी किंवा संध्याकाळी सहाच्या आसपास पडतो, म्हणजे उजाडताना-मावळताना, जेव्हा मासा तसाही चरायला निघतो आणि माणसालाही जाता येतं. ॲपचंच शास्त्र खरं धरलं, तरी शहरातल्या गळवाल्याने अष्टमी धरावी. समुद्रावरच्यांना पुनवे-अवसेचं उधाण मोठं वाटतं आणि भांग, म्हणजे अष्टमीची लहान भरती, फिका, ते ठीक आहे. तलावात उधाण नाही आणि भांगही नाही.

ग्रहण आणि दिवाळीचे पैसे सोडले तर इथवरचं साधारण मार्चमध्येच लिहून ठेवलं होतं आणि एक तारा देऊन पाठवणारच होतो. मग नोंदवही नीट पाहिली.

ॲपमध्ये एका कोपऱ्यात 'माझे मासे' म्हणून भाग आहे. मासा लागला की फोटो काढायचा, जात आणि चारा निवडायचा, बस. वारा, तापमान, ढग, मागच्या दोन दिवसांचा पाऊस, हवेचा दाब, चंद्र, हे सगळं ते त्या क्षणाला स्वतः टाचून ठेवतं. मी रिकाम्या सकाळीही नोंदवायला लागलो, कारण काहीच न लागलेला दिवस हीसुद्धा माहितीच. तीन-चार महिन्यांत चित्र दिसायला लागलं. चंद्राच्या कलेप्रमाणे रांग लावली तर काही हाती येत नाही, सगळीकडे थोडं थोडं. वाऱ्याप्रमाणे लावली की चांगल्या सकाळी एका बाजूला गोळा होतात. वारा ज्या काठाकडे पाणी ढकलतो तिथे तरंगतं खाद्य साठतं, जलपर्णीचे पुंजकेही तिकडेच जाऊन लागतात, आणि त्यांच्या कडेला मासा. हे जुने लोक मला आधीपासून सांगत होते. पण माझ्याच पकडीवरून मला दाखवलं ते या कोपऱ्याने. त्यासाठी दोन तारे वाढवले.

एप्रिल-मे महिन्यांत दुसरी गोष्ट उमगली, आणि ती ॲपच्या विरुद्ध जाते. ॲपला पहाट फार प्रिय. मेजर पहाटेशी जुळला की हिरवा रंग उजळतो. थंडीत ते चालून जातं. उन्हाळ्यात शहरातल्या तलावात पहाट ही सर्वांत वाईट वेळ असू शकते. गरम पाण्यात प्राणवायू मुळात कमी मावतो: २० अंशाला लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशाला साडेसात. त्यात सांडपाण्यावर पोसलेलं हिरवं शेवाळ. ते दिवसा उजेडात प्राणवायू सोडतं, पण रात्रभर तेही श्वास घेतच असतं. त्यामुळे उजाडताना पाण्यातला साठा तळाला गेलेला. वारा पडलेला, आदला दिवस ढगाळ, वर जलपर्णीची चादर, अशा पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन आ वासतात. नवखा म्हणतो, वा, काय मासा वर आलाय! तो मासा चारा घेत नाही, त्याला श्वासाची पडलेली असते. मे महिन्यात मी पहाटेचा गजर बंद केला आणि आठ-साडेआठला, ऊन पाण्यात उतरल्यावर, बसायला लागलो. झोपही झाली आणि मृगळही लागले. ॲपने त्या वेळांना एक-एक तारा दिला होता.

हवेच्या दाबाचा बाण हाही असाच परका. दाब उतरला की मासा खातो, हा पाश्चात्त्य गळवाल्यांचा लाडका नियम, आणि तिकडे वादळी ढगांच्या रांगा येतात-जातात तिथे त्यात काही असेलही. आपल्याकडे दाब रोजच्या रोज सकाळी दहाच्या सुमाराला चढलेला असतो आणि दुपारी चारच्या सुमाराला दोन-तीन मिलिबार उतरलेला. रात्री परत तोच खेळ. ऊन असो, ढग असो. ॲप बिचारं दररोज दुपारी लाल बाण खाली दाखवून सांगतं, दाब उतरतोय, त्वरा करा! मी पहिले काही आठवडे त्वरा केली. आता दाब बघायचा तर कालच्या याच वेळेशी ताडून बघतो. तसा फरक पडला तरच पावसाळी हवा येतेय असं समजतो. ही सोय ॲपमध्ये नाही, डोक्यात करावी लागते.

पण खरी कमाल ऋतूंची. ॲपकडे चारच ऋतू आहेत आणि त्यात पावसाळा नाही! एप्रिलमध्ये ते म्हणतं, वसंत आला, पाणी तापतंय, मासे उथळ पाण्यात अंडी घालायला येतील. जूनमध्ये म्हणतं, कडक उन्हाळा, खोल पाण्यात शोधा. २०२५ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला, ११ जूनच्या नेहमीच्या तारखेच्या कितीतरी आधी, १९५६ च्या २९ मेचाही विक्रम मोडून. आभाळ फाटलेलं आणि पडद्यावर 'दुपारचं ऊन टाळा'. आपल्याकडे रोहू-कटल्याचा विणीचा हंगाम म्हणजे पावसाळा. नवं पाणी आलं की मासा प्रवाहाविरुद्ध चढतो. आमच्या रायगडात त्यालाच वलगण म्हणतात, आणि तिची वाट मृगापासून बघतात. कोणता चंद्र आहे हे तेव्हा कोणी विचारत नाही, ओढ्याला पाणी आलं का एवढंच विचारतात. गाभोळीने भरलेली मादी गळाला लावण्यात मला रस नाही, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये काठी भिंतीला. ॲपने मात्र जुलैच्या मुसळधारेत, तलाव भरून मिठी नदीत वाहत असताना, पुनवेला पाच तारे दिले. तारे देताना विणीचा काळ वगळायचा, एवढं तरी एखाद्या प्रोग्रामरला सुचायला हवं होतं.

मे महिन्यातल्या पहिल्या सरींनंतरचे दोन-तीन दिवस मात्र वर्षातले सर्वांत चांगले गेले. पाणी निवलेलं, किंचित गढूळ, काठावरून किडे-गांडुळं वाहून आलेली. हे नोंदवहीत स्पष्ट दिसतं. ॲपचे तारे मात्र दोनच. ऑक्टोबरच्या उष्म्यात पुन्हा मंदी, आणि हवेत गारवा आला की सकाळ हळूहळू परत कामाची होते.

आता पैशांचं. वर्गणी यूपीआय ऑटोपेवर होती. कापण्याआधी किमान चोवीस तास सूचना द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि सूचना आली होती, पण आली लक्ष्मीपूजनाच्या गडबडीत, सोनं-मिठाई-मोबाइलच्या पन्नास संदेशांच्या मधोमध. पैसे गेल्यावर त्याच तासाला मी कंपनीला लिहिलं. उत्तर: नूतनीकरणानंतर परतावा नाही, धोरण वाचा. मी विचारलं, मग भरतीच्या पट्टीबद्दलची माझी वर्षभराची तक्रार कोणत्या धोरणात बसते? उत्तर: आपला अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे, सोबत तीन महिने भेट. ज्यांनी घेतलं आहे त्यांनी यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन ते मँडेट आजच रद्द करावं; तिथून कंपनीला विचारावं लागत नाही. चालू वर्ष वापरता येतं, पुढचं कापलं जात नाही. आणि नोंदवही फाइल करून बाहेर काढून ठेवावी, कारण ती सोय फक्त वर्गणीदारांना आहे. ही अट मला पट्टीइतकीच खटकली. मासे मी पकडले, आकडे माझे, आणि ते माझ्याच हातात द्यायला वर्गणी?

गोड्या पाण्यासाठी नव्याने घेणार असाल तर फुकट आवृत्तीत नोंदवही चालते, तेवढीच घ्या. तिथी कॅलेंडरात आहे, वारा खिडकीतून कळतो.

माझी वर्गणी उरलेलं वर्ष वाया जाऊ नये म्हणून एक सोय केली आहे. एका खात्यावर दोन फोन चालतात. मेव्हणा वसईकडे खाडीवर गळ टाकतो, त्याला पासवर्ड दिला आणि निम्मे पैसे घेतले. त्याला ती निळी पट्टी भलतीच आवडली. फक्त वेळा समुद्रावरच्या आहेत, खाडीत आत पाणी चढायला उशीर लागतो, तेवढा तो मनाने वाढवून घेतो. परवा त्याचा फोन आला: पट्टी झकास आहे, पण ते वाऱ्याचं चित्र उगाच जागा खातं, लपवता येत नाही का?