ठेवलेला कांदा पुन्हा लावायचा, तर सांबारचा बारका की आपला मोठा?

कोंब फुटलेला मोठा कांदा दिसला की आई म्हणायची, "टाक वाफ्यात." टाकला की पात मिळते, मग डेंगळा, म्हणजे फुलाचा दांडा, वर येतो, डोक्यावर पांढरा गोंडा धरतो आणि खालचा गड्डा पार खंगतो. हाती येतं ते बी. खायचा कांदा हवा तर त्या बियाचं रोप करून पुढच्या हंगामाची वाट बघा. त्यातही मधमाश्या दुसऱ्या वाणाचे परागकण आणतात आणि बी भेसळीचं होतं, म्हणून बीजोत्पादनवाले दोन वाणांत किलोमीटरभर तरी अंतर ठेवतात. परसबागेत कुठलं आलंय!

सांबारच्या बारक्या कांद्याचं गणित वेगळं, लसणासारखं. एक गाठ खोचली की तिच्या चार-सहा गाठी होतात, साधारण ७० दिवसांत झुबका उपटायचा. तमिळनाडूत मुख्यतः गाठी लावून याची शेती चालते.

आमच्या लातूरकडच्या काळ्या रानात मात्र पाणी साचतं. पहिल्या वर्षी सपाट वाफ्यात लावल्या, निम्म्या सडल्या. आता वरंब्यावर, वीतभरापेक्षा थोड्या कमी अंतरावर, शेंडा मातीच्या जेमतेम वर ठेवून लावतो. दिवाळीनंतर. मऊ पडलेली गाठ थेट फोडणीत.

घरच्या खाण्यासाठी मी सांबारचाच लावेन. बी धरायचं असेल तरच आपला.