झुल्यावरून पडलेला डेडमॅन

'स्ट्रेंज ॲडव्हेंचर्स'चा २०५वा अंक, ऑक्टोबर १९६७. छापील किंमत १२ सेंट. मला तो न्यू जर्सीतल्या एका जुन्या कॉमिक्सच्या दुकानात मिळाला, अर्थात कितीतरी पट जास्त पैसे मोजून. घडीवर मुखपृष्ठ उसवलंय, एक कोपरा गेलाय, पानांना जुन्या वर्तमानपत्राचा वास येतोय. पण पानं सगळी आहेत, आणि मला तो वाचायलाच हवा होता.

बॉस्टन ब्रँड हा सर्कशीतला झुल्यावरचा कसरतपटू. 'डेडमॅन' हे त्याचं रिंगणातलं सोंग: लाल पोशाख, छातीवर 'डी', प्रेतासारखा पांढराफटक चेहरा. स्वभावाने घमेंडखोर आणि तोंडाळ, पण सर्कशीतल्या आपल्या माणसांसाठी कुणाच्याही अंगावर जाईल असा. भर खेळात त्याला कुणीतरी गोळी घालतं. धागा एकच उरतो: मारेकऱ्याच्या एका हाताला पंजाच्या जागी हुक आहे.

मग येते रामा कुश्ना. नाव असंच छापलंय. राम आणि कृष्ण दोघेही ओळखू येतात, पण बोबडे. ही देवता त्याला खुनी सापडेपर्यंत इथेच फिरायची मुभा देते, आणि लोकांच्या अंगात शिरायची ताकदही. अंगात येणं मी कोकणात आजोळी पाहिलंय, पण बाहेरून, पडवीत आजीच्या पदराआडून. इथे तीच गोष्ट भुताच्या बाजूने सांगितलीय. तो जीव तोडून ओरडतो आणि शेजारी उभ्या मित्राला ऐकू जात नाही. ज्याच्या अंगात शिरावं, त्याला नंतर काही आठवत नाही. एवढं होऊनही याच्या तोंडाचा पट्टा चालूच! मला हसू आलं ते तिथेच, आणि घसा दाटला तोही तिथेच.

कथा आर्नल्ड ड्रेकची, चित्रं कार्माइन इन्फँटिनोची. पुढच्या अंकापासून नील ॲडम्स चित्रं काढू लागला आणि बोलबाला त्याचाच झाला, पण इन्फँटिनोच्या सडपातळ, ताणलेल्या आकृती झुल्यावरच्या माणसाला फार शोभतात. ज्योतिषी वाश्नू मात्र मला खटकला. भारतीय म्हणजे गूढ बोलणारच, एवढंच त्याचं काम.

हुकवाला या अंकात सापडत नाही. दुकानदाराला मी २०६वा अंक बाजूला काढून ठेवायला सांगून आलेय.