यामाशिताच्या सोन्यापायी माझे २,४०,००० पेसो गेले

फिलिपिनो खलाशांबरोबर जहाजावर काम केलेल्यांना यामाशिताचं सोनं काय ते सांगायला नको. जपान्यांनी महायुद्धात लुटलेलं सोनं फिलिपिन्सच्या बेटांवर पुरलं, जनरल यामाशिताला १९४६ मध्ये फाशी झाली आणि जागा कुणालाच कळल्या नाहीत, अशी ती गोष्ट. आमच्या मोटरमनच्या (जहाजाच्या इंजिन रूममधल्या खलाशाच्या) मामाच्या गावात, पालावान प्रांतातल्या एका लहानशा बेटावर, म्हणे खड्डा चालू होता. १९७१ मध्ये फिलिपिन्सच्या बागियो शहरात सोन्याचा बुद्ध सापडल्याचं प्रकरण हवाईच्या कोर्टापर्यंत गेलं होतं, हे मोटरमनने दाखवलं. तो खटला खरा आहे. म्हणून बाकीचंही मला खरं वाटलं.

पाणी उपसायच्या पंपाला ४५,००० पेसो दिले. मग परवान्याला ६०,०००. साइन ऑफ झाल्यावर, म्हणजे करार संपून जहाजावरून उतरल्यावर, घरी न येता तिकडे गेलो. मी डोळे मिटून पैसे दिले नव्हते, खड्डा बघितला, दगडावर कोरलेला बाण बघितला.

मग मामाने गोणपाटातून लगड काढली. धुण्याच्या साबणाच्या वडीएवढी. सोन्याची असती तर दोन किलोच्या वर भरली असती. मी ती एका हाताने उचलून फोटो काढून घेतला. अठरा वर्षं फिटर आहे मी! पितळी बुश लेथवर चढवण्यात आयुष्य गेलं, आणि ते वजन मला ओळखू आलं नाही? हाताला पितळेचा वास लागला होता. रात्री जेवताना तो वास आला, तरी मी गप्प बसलो, कारण १,०५,००० आधीच गेले होते. दुसऱ्या दिवशी विषारी वायू काढायच्या केमिकलसाठी १,३५,००० दिले.

लगड दाखवली तर तिथल्या तिथे कानशीने घासा. नाही म्हणाले तर उठा.

पोलीस चौकीत पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, पैसे मनिलाहून पाठवलेत, तिथे जा. मनिलात म्हणाले, गुन्हा बेटावर घडला, तिकडे जा. तिसऱ्या वेळी एकाने कागद बघितला. खजिना खोदायला राष्ट्रीय संग्रहालयाचा परवाना लागतो. माझ्या कागदावर नुसता गावच्या बारंगायचा (तिथल्या ग्रामपंचायतीसारख्या कार्यालयाचा) शिक्का. मग मलाच दम दिला, की बेकायदा खोदकामाला पैसे तुम्ही पुरवलेत. फसलेल्या माणसालाच आरोपी करायचं? पैसे ज्या कंपनीमार्फत पाठवले तिचं उत्तर एका ओळीचं: रक्कम घेणाऱ्याने उचललेली आहे. नाव मामाचं नव्हतंच, भलत्याच बाईचं होतं. तेव्हाच विचारायला हवं होतं. ज्याच्याशी बोलणं झालं त्याच्याच नावावर पैसे मागत नसतील तर एक पेसोही देऊ नका.

बायकोला अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. लिहिणारही नव्हतो. पण गेल्या आठवड्यात दुसऱ्या जहाजावरच्या एका मराठी पोराने मला एक फोटो पाठवला, ‘याला हिस्सा मिळाला’ म्हणून त्याला दाखवलेला. निळा शर्ट, हातात लगड. तो माणूस मी आहे, आणि मला काहीही मिळालेलं नाही.